उंबर आणि केंबरे : एका पुरातन सहवासाची माहिती

'उंबर फोडून केंबरे उडविणे' हा वाक्प्रचार आपल्या भाषेत जुना आहे. झाकलेली गोष्ट विनाकारण उघडी करून नसती उठाठेव ओढवून घेणे, असा त्याचा अर्थ होतो. व्यवहारात हा उपदेश योग्यच आहे. परंतु शेतीशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर उंबर अवश्य फोडून पाहावे. त्यातून जी केंबरे उडतात त्यांचा व उंबराच्या झाडाचा संबंध असा आहे की, एकावाचून दुसऱ्याचा वंश टिकत नाही. यवतमाळ जिल्ह्यात धुऱ्यावर, नाल्याच्या काठी, विहिरीच्या थारोळ्याशी उभी असलेली उंबराची व वडाची झाडे आज झपाट्याने कमी होत आहेत. एक झाड तुटले तर आपले काय बिघडते, असा प्रश्न पुष्कळ शेतकरी बंधू विचारतात. त्याचे उत्तर देण्यासाठी आधी केंबऱ्यांची हकीकत सांगणे जरूर आहे.

उंबराला फूल येत नाही, आणि आलेच तर ते मध्यरात्री येते व भाग्यवंतालाच दिसते, अशी समजूत खेड्यापाड्यांतून आढळते. वास्तविक उंबराला फुले येतात, आणि तीही एकेका फळात शेकड्यांनी येतात. आपण ज्याला उंबराचे फळ म्हणतो तो आतून पोकळ असा मांसल गोळा असून त्याच्या आतल्या भिंतीवर बारीक फुले दाटीने लागलेली असतात. ह्या रचनेस वनस्पतिशास्त्रात कुंभासनी फुलोरा असे म्हणतात, व ते नाव समर्पक आहे. कारण हा फुलोरा कुंभासारखाच असतो. कुंभाच्या तोंडाशी लहानशा खवल्यांनी गच्च बंद केलेले एक छिद्र असते. उंबर, वड, पिंपळ, अंजीर, नांदरूक, बोखाडा ही सर्व एकाच फायकस प्रजातीची झाडे असून जगात ह्या प्रजातीच्या साडेसातशेहून अधिक जाती आहेत. त्या सर्वांचा फुलोरा असाच बंदिस्त असतो.

आता फुले बंद डब्यात असली म्हणजे तेथे वाऱ्याने पराग पोहोचत नाहीत व मधमाशीलाही आत शिरता येत नाही. मग परागसिंचन होते कसे? हे काम केंबरे करतात. केंबरे म्हणजे चिलटे नव्हेत. शरीररचनेवरून ती गांधीलमाशी व मधमाशी यांच्या गणात मोडतात. त्यांची लांबी जेमतेम दोन मिलिमीटर असते. कापसावरील बोंडअळीची अंडी नष्ट करण्यासाठी आपण जी ट्रायकोकार्डे लावतो, त्यांतून निघणारी ट्रायकोग्रामा माशी ही ह्याच मोठ्या कुळसमूहातील आहे. केंबऱ्यांची ही भाऊबंदकी कापूस पिकविणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

उंबरावरील केंबऱ्याचे शास्त्रीय नाव सेराटोसोलेन फुसिसेप्स. त्याचा जीवनक्रम असा : झाडाच्या बुंध्यावर व जाड फांद्यांवर लहान हिरवी उंबरे धरली व आतील स्त्रीपुष्पे तयार झाली म्हणजे फळातून एक विशिष्ट गंध सुटतो. माणसाला तो फारसा जाणवत नाही, पण मादी केंबऱ्याला तो दुरून कळतो व ती नेमकी त्याच जातीच्या झाडावर येते. वडाचा गंध वेगळा व त्याची माशीही वेगळी; तिचे नाव युप्रिस्टिना मॅसोनाय. पिंपळाची माशी आणखी निराळी. फळावर उतरलेली मादी छिद्राच्या खवल्यांतून डोके खुपसून आत शिरते. ही वाट इतकी अरुंद असते की तीत तिचे पंख तुटून पडतात व मिशांचे टोकही पुष्कळदा जाते. म्हणजे आत गेलेली मादी पुन्हा बाहेर येण्याचा प्रश्नच उरत नाही.

आत गेल्यावर ती दोन कामे करते. आपल्या छातीवरील दोन बारीक खिशांत तिने जन्मस्थानच्या फळातून आणलेले पराग असतात. ते ती पायांनी काढून स्त्रीकेसरांवर टाकते. हे खिसे शास्त्रज्ञांच्या लक्षात आले ते १९६९ साली. तोवर पराग माशीच्या अंगाला सहज चिकटून येत असावेत अशी समजूत होती. दुसरे काम अंडी घालण्याचे. फुलांतील काहींचे केसर आखूड व काहींचे लांब असतात. आखूड केसरांतून तिची अंडी घालण्याची नळी बीजांडापर्यंत पोहोचते, लांब केसरांतून सहसा पोहोचत नाही. ज्या फुलात अंडे पडले त्याची गाठ बनते व तीत अळी वाढते. अशा फुलांना गुल्मपुष्पे म्हणतात. उरलेल्या फुलांत बी धरते. अशा रीतीने झाड आपल्या बियांपैकी काही वाटा माशीच्या पोरांना देते, आणि त्या मोबदल्यात बाकीच्या बिया पक्क्या होतात. बलुतेदारीचे उदाहरण येथे सहज आठवते. मात्र हा बलुतेदार आपले काम संपताच त्याच फळात मरून पडतो.

ऋतुमानाप्रमाणे सुमारे महिना-दीड महिन्यात अळ्यांची वाढ पूर्ण होते. प्रथम नर बाहेर पडतात. त्यांना पंख नसतात, डोळे नावापुरते असतात व रंग पिवळसर असतो. गाठीत असलेल्या माद्यांशी त्यांचा समागम तेथेच होतो. नंतर सर्व नर मिळून फळाच्या भिंतीतून बाहेरपर्यंत एक बोगदा पोखरतात व ते काम संपल्यावर मरतात. त्यांपैकी काही बोगद्याच्या तोंडातून खाली पडतात व मुंग्यांच्या तोंडी जातात. ह्याच सुमारास फळातील पुंपुष्पे पक्व झालेली असतात. काळपट, पंखवाल्या माद्या त्यांतून पराग गोळा करून छातीच्या खिशांत भरतात आणि नरांनी केलेल्या वाटेने उडून जातात. त्यानंतर दुसरे फळ शोधण्यास त्यांना फार तर एक-दोन दिवस मिळतात, कारण त्यांचे आयुष्यच तेवढे असते. माद्या गेल्यानंतर फळ मऊ होते, लाल पडते व पाखरे त्यावर येतात.

हे सर्व शेतकरी बंधूंना व शाळेतील मुलांना घरच्या घरी पाहता येते. फुगलेली, पण अजून टणक असलेली व जिच्यावर भोक पडलेले नाही अशी चार-सहा उंबरे तोडून रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत ठेवावीत व तोंडाला मलमलीचा तुकडा बांधावा. फळे योग्य अवस्थेत असल्यास एक-दोन दिवसांत केंबरे बाहेर येतात. भिंगाखाली पाहिले असता काळपट पंखवाल्या माद्या व पिवळसर बिनपंखी नर ओळखता येतात. शेपटीप्रमाणे लांब नळी असलेल्या काही माश्याही त्यांत दिसतील. त्या केंबरे नव्हेत. त्या परोपजीवी असून फळात न शिरता बाहेरूनच भिंतीतून नळी घालून अंडी टाकतात. पराग वाहण्याचे काम त्या करीत नाहीत, फुकटचा वाटा मात्र घेतात. अशा एका माशीच्या नळीचे टोक जस्ताच्या अंशामुळे कठीण झालेले असते, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१४ साली दाखविले. कच्च्या उंबराची साल छेदावयाची तर अवजारही तसेच हवे! दुसरा एक प्रयोग म्हणजे कोवळ्या, मुगाएवढ्या उंबरांच्या घडावर मलमलीची पिशवी बांधून ठेवणे. आत माशी न शिरल्यामुळे ही फळे सहसा मोठी न होता गळून पडतात. शेजारच्या मोकळ्या घडाशी तुलना केली म्हणजे केंबऱ्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

हा सहवास किती जुना आहे, ही गोष्ट विशेष कुतूहलाची आहे. झाडांच्या व माश्यांच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्याची तुलना करून त्यांच्या वंशावळी लावता येतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात जगभरच्या अंजीरवर्गीय झाडांच्या व त्यांच्या माश्यांच्या अशा वंशावळी शेजारी शेजारी ठेवून पाहण्यात आल्या, तेव्हा दोन्ही सुमारे साडेसात कोटी वर्षांपूर्वी उगम पावल्या असे दिसून आले. ह्या काळाची कल्पना येण्यास आपल्या जिल्ह्याची जमीनच उपयोगी पडते. आपली काळी कापसाची जमीन ज्या बेसाल्ट खडकापासून झाली तो खडक म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ओतलेला लाव्हारस होय. २०२१ साली झरी-जामणी भागात शिबला-पारडीजवळ रस्त्याच्या कामात ह्याच खडकाचे षट्कोनी खांब उघडे पडले व लोक ते पाहण्यास गेले. उंबरवर्गाचा व केंबऱ्यांचा करार त्या खांबांहूनही जुना आहे! उलट वणीच्या खाणींतील कोळसा ह्याहून कितीतरी जुना. तो ज्या अरण्यांपासून झाला त्यांत फुले येणारी झाडेच नव्हती. तेव्हा आपल्या भूमीवर उंबर केव्हा आला? साडेसात कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूभाग आशियाला जोडलेला नव्हता, बेटासारखा उत्तरेकडे सरकत होता. ह्या वर्गाचा उगम युरेशिया खंडात झाला असावा, असा अभ्यासकांचा कल आहे. तसे असल्यास भारत व आशिया जुळल्यानंतरच उंबराचे पूर्वज इकडे पसरले असावेत.

प्रत्यक्ष पुराव्यादाखल एक जीवाश्मही उपलब्ध आहे. इंग्लंडजवळील आइल ऑफ वाइट बेटावरील खडकात सापडलेला एक बारीक कीटक प्रथम मुंगी म्हणून नोंदला गेला होता. २०१० साली त्याची सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा तपासणी झाली, तेव्हा ती सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीची केंबऱ्याच्या कुळातील मादी निघाली. तिचे डोके आजच्या केंबऱ्याप्रमाणेच चपटे होते व अंगावर परागाचे खिसेही होते. म्हणजे इतक्या दीर्घ काळात ह्या कीटकाच्या घडणीत विशेष फरक पडलेला नाही.

अशा जोड्यांत दोन्ही पक्षांची घडण एकमेकांना अनुसरून होत जाते. छिद्र अरुंद झाले तर चपट्या डोक्याच्या माश्याच आत पोहोचतात व त्यांचाच वंश वाढतो. केसर लांब झाले तर काही बीजांडे अंड्यांपासून सुरक्षित राहतात. झाड केवळ उदारच असते असेही नाही. २०१० साली पनामा देशातील झाडांवर झालेल्या प्रयोगांत असे आढळले की, पराग न आणता नुसती अंडी घालणारी माशी ज्या फळात शिरली, ते फळ झाड पुष्कळदा टाकून देते. त्याबरोबर माशीची पिल्लेही मरतात. मात्र प्रत्येक झाडास एकच माशी व प्रत्येक माशीस एकच झाड, असा जो नियम पूर्वी पाठ्यपुस्तकांतून सांगत असत तो आता तितका काटेकोर मानीत नाहीत. एका झाडावर दोन-तीन जवळच्या जातींच्या माश्या असल्याचे, व क्वचित एखादी माशी नव्या झाडाकडे वळल्याचे दाखले मिळाले आहेत.

जोडी तुटली म्हणजे काय होते, ह्याची उदाहरणे इतिहासात आहेत. ईजिप्त देशात फारोंच्या काळापासून उंबराचा एक जवळचा भाऊबंद लावला जातो. तो तेथे आफ्रिकेच्या दक्षिण भागाकडून आला, पण त्याचा परागवाहक कीटक तेथे टिकला नाही. परिणामी हजारो वर्षे त्या झाडाची लागवड फांद्या लावूनच करावी लागली, व फळे पिकावीत म्हणून त्यांवर चाकूने चिरा पाडण्याची रीत पडली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील बागाइतदारांनी १८८० नंतर तुर्कस्तानातून स्मर्ना जातीच्या अंजिराच्या फांद्या आणून मोठ्या बागा उभ्या केल्या. झाडे वाढली, पण फळे पिकण्यापूर्वीच गळत. आपल्याला वाईट रोपे विकून फसविले, असे पुष्कळांना वाटले. वस्तुतः रानटी अंजिराच्या फळातील माशी तेथे नव्हती. ग्रीक विद्वान थिओफ्रास्टस याने सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते की, बागेतील अंजिरावर रानटी अंजिराची फळे टांगावीत. अखेर १८९९ साली वॉल्टर स्विंगल ह्या कृषिशास्त्रज्ञाने अल्जीरियातून ती माशी पाठविली, व फ्रेस्नो येथील बागेत ती स्थिर झाल्यावरच बागांना फळ धरू लागले. याच्या उलट प्रकार फ्लॉरिडात झाला. तेथे शोभेसाठी लावलेल्या नांदरुकाला अनेक वर्षे बी धरत नसे. १९७० नंतरच्या दशकात त्याची माशी तेथे पोहोचली आणि रोपे भिंतींतून व पुलांच्या फटींतून उगवू लागली.

येथे एक शंका दूर केली पाहिजे. पुरंदर तालुक्यात प्रसिद्ध असलेल्या पूना अंजिराची लागवड आपल्या जिल्ह्यात करू इच्छिणाऱ्यांनी केंबऱ्यांची काळजी करण्याचे कारण नाही. ही जात परागसिंचनावाचून फळ धरते व फांद्यांपासून वाढविली जाते. मनुष्याने अशा जाती फार पूर्वीच निवडून घेतल्या असाव्यात. जॉर्डन नदीच्या खोऱ्यात गिलगाल येथे सापडलेली, सुमारे ११,४०० वर्षांपूर्वीची जळकी अंजिरे अशाच जातीची होती, असे तज्ज्ञांच्या एका गटाचे मत आहे. काहींना ते मान्य नाही. ते कसेही असो, बागेतील पूना अंजिरात किडे असतात हा समज बरोबर नाही. उंबर, वड व पिंपळ यांच्या फळांविषयी मात्र तो खरा आहे, आणि जैन श्रावकांना उंबर, वड, पिंपळ इत्यादी पाच उदुंबर फळे वर्ज्य सांगणाऱ्यांनी ही गोष्ट भिंगाशिवायच हेरली होती.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एका झाडावरील उंबरे बहुधा एकाच वेळी एका अवस्थेत असतात. त्यामुळे माद्या बाहेर पडतात त्या वेळी त्यांच्या स्वतःच्या झाडावर शिरण्यायोग्य कोवळे फळ सहसा नसते. त्यांना दुसरे झाड गाठावे लागते, आणि तेही एक-दोन दिवसांत. वाऱ्याच्या साह्याने ह्या माश्या आश्चर्यकारक अंतर कापतात. नामिबियाच्या वाळवंटात उंबराच्या एका भाऊबंदाचे पराग १६० किलोमीटर दूरच्या झाडावर पोहोचल्याचे २००९ साली सिद्ध झाले. परंतु असा प्रवास लाखांत एखादीलाच साधतो. शिवारात कोणत्या ना कोणत्या झाडावर बाराही महिने योग्य अवस्थेतील फळ असले तरच केंबऱ्यांची साखळी अखंड राहते. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासात, अशी साखळी काही वर्षे टिकावयाची तर परस्परांच्या टप्प्यात शंभराच्या घरात झाडे असावी लागतात, असा अंदाज निघाला. नेमका आकडा जातीप्रमाणे बदलेल. पण दहा गावांत मिळून पाच-सात उंबरे राहिली तर ती भागतील, असे मानता येत नाही. झाड शंभर वर्षे जगेल. त्याचे केंबरे एका हंगामात संपू शकते. मग उंबर उभा राहील पण त्याची फळे कच्चीच गळतील.

याचा परिणाम रानावर होतो. चैत्र-वैशाखात इतर फळे नसताना उंबर व वड यांवर हरियल, तांबट, राखी धनेश, साळुंक्या व वटवाघळे यांचा निर्वाह चालतो. टिपेश्वर व पैनगंगा अभयारण्यांत नाल्याकाठी हे सहज दिसते. हीच पाखरे पुढे पावसाळ्यात पिकांवरील अळ्या वेचतात, विशेषतः साळुंक्या; व हीच बिया दूरवर टाकून नवी झाडे लावतात. रानात हाताने उंबर लावणारा मनुष्य विरळा.

धुऱ्यावरच्या झाडाच्या सावलीने कपाशीची दोन-चार तासे कमी पिकतात, ही तक्रार खरी आहे. ती नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यावर उपाय बुंध्याशी कुऱ्हाड लावणे हा नव्हे. पिकाच्या बाजूच्या खालच्या फांद्या उतरविल्या व त्या पट्ट्यात हळदीसारखे सावली सोसणारे पीक घेतले तर नुकसान पुष्कळ कमी होते. उतरविलेला पाला शेळ्यांना चालतो. विहिरीच्या बांधकामात रुजलेले रोप मात्र लहानपणीच काढावे, कारण त्याची मुळे चिरे फोडतात. ते मुळासकट काढून नाल्याच्या काठी लावता येते. पावसाळ्याच्या तोंडी मनगटाएवढ्या जाड फांद्या रोवूनही उंबर जगतो. तथापि सर्वच झाडे एकाच झाडाच्या फांद्यांपासून केली तर ती एकाच वेळी बहरण्याचा संभव असतो, म्हणून निरनिराळ्या झाडांच्या फांद्या घ्याव्यात अथवा पाखरांनी टाकलेली रोपे वाचवावीत.

दुसरा मुद्दा फवारणीचा. २०१७ च्या खरिपात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, हे कोणी विसरू शकणार नाही. त्या वर्षी कपाशी पुरुषभर वाढली होती व औषधाचा फवारा डोक्याच्या उंचीवर उडत होता. जे औषध माणसाच्या श्वासात गेले, ते धुऱ्यावरच्या झाडांवरही गेलेच असणार. केंबऱ्याचा जीव तो केवढा! फळाच्या आत असताना ते काहीसे सुरक्षित असते. बाहेर पडल्यावरच्या त्या एक-दोन दिवसांत फवाऱ्याचा सूक्ष्म थेंबही त्याला पुरतो. तीच गोष्ट ट्रायकोग्रामाची. म्हणून शेतात कार्डे लावल्यावर लगेच फवारणी करणे म्हणजे एका हाताने पेरून दुसऱ्या हाताने उपटणे होय. वारा झाडाच्या किंवा माणसाच्या दिशेने असताना फवारणी करू नये, दुपारच्या उन्हात करू नये, वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून चालू नये, व धुऱ्यालगतची काही तासे शक्य तेथे निंबोळी अर्कावर भागवावीत. तोंडावरील आच्छादन, हातमोजे व पूर्ण अंगभर कपडे ह्यांविषयीच्या सूचना वेळोवेळी दिल्या आहेतच.

उन्हाचा प्रश्न मात्र आपल्या हाती तितकासा नाही. २०१३ साली सिंगापूर येथे झालेल्या प्रयोगांत, नेहमीच्या तापमानापेक्षा तीन अंश सेल्सिअस किंवा अधिक वाढ झाल्यास प्रौढ माद्यांचे आयुष्य बरेच घटते, असे दिसून आले. आपल्याकडील केंबरे मे महिन्यातील ४४-४५ अंशांचा उन्हाळा पूर्वापार सोसत आली आहेत, तेव्हा सिंगापूरचे निष्कर्ष जसेच्या तसे येथे लावता येणार नाहीत. नाल्याकाठच्या झाडांच्या रांगेत हवा थंड व दमट राहते, आणि भर उन्हाळ्यात एका उंबरावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या माशीला ह्याच रांगेचा आधार मिळतो. अरुणावती, अडाण, वाघाडी व बेंबळा ह्या नद्यांच्या आणि त्यांना मिळणाऱ्या ओढ्यांच्या काठांवर अजून जी उंबरे उभी आहेत, त्यांची मोजणी ग्रामपंचायतींनी शाळेच्या मुलांकडून करून घ्यावी. कोणत्या महिन्यात कोणत्या झाडावर कोवळी, फुगलेली अथवा पिकलेली फळे आहेत, एवढीच नोंद प्रत्येक पंधरवड्यास केली तरी वर्षअखेर गावाच्या शिवारात कोणत्या काळात खंड पडतो ते कळेल. आणि तो खंड भरून काढणाऱ्या झाडांच्या फांद्या पुढील पावसाळ्यात कोठून आणावयाच्या तेही ठरविता येईल.